वस्तरा, हजाम आणि दादाजींचा रोल्स रेझर

यंदा मे महिन्याच्या दहा तारखेपासून चाळीस दिवस मी एकही नवं ब्लेड उघडलं नाही. तीन जुन्या साधनांनी आलटूनपालटून दाढी केली, रोज वहीत नोंद ठेवली, आणि नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कापलेल्या गालावर तुरटी फिरवत फिरलो. चाळीस हा आकडा मुद्दाम निवडला. मिशा कातरणं, नखं काढणं, अंगावरचे नको ते केस काढणं ही फितरतची कामं चाळीस दिवसांपलीकडे लांबवू नयेत, अशी हदीस आहे. मी स्वतः दाढी ठेवत नाही. त्यावरून घरात आणि मशिदीच्या ओट्यावर बोलणी खाऊन झाली आहेत, तो विषय आज नको.

आजचा विषय आहे स्वतःची धार स्वतः लावणारे रेझर. एके काळी जगभर ते विकले जात. ब्लेड बोथट झालं की फेकायचं नाही, न्हाव्याकडे किंवा धारवाल्याकडेही न्यायचं नाही. रेझरमध्येच धार लावायची सोय. माझ्याकडे अशी दोन यंत्रं होती, आणि तिसरी आपली घरगुती युक्ती.

पहिलं यंत्र दादाजींचं. इंग्लंडात बनलेला रोल्स रेझर, इम्पीरियल नंबर २. दादाजी नागपुरात रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते आणि १९४७ साली मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या फोरमनने जाताना ही वस्तू त्यांना दिली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माझी फुप्पी मोमिनपुऱ्यातलं जुनं घर सोडून जाफर नगरात मुलाकडे राहायला गेली, तेव्हा सामान आवरताना तिने तो माझ्या हातात ठेवला. निकेलचा मुलामा दिलेली चपटी डबी, चष्म्याच्या घरापेक्षा थोडी मोठी. सोबत बोटभर लांबीचा सागाचा एक तुकडा होता. त्याला एका टोकाला बारीक खाच, आणि हाताच्या घामाने तो काळा-गुळगुळीत झालेला. तो कशाचा, ते फुप्पीने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुसरं यंत्र कामठीच्या एका कबाड्याकडे मिळालं. व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप. त्याचा चामड्याचा पट्टा मात्र हरवलेला होता. तिसरी युक्ती म्हणजे काचेचा ग्लास. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल, भारत किंवा पनामाचं दुधारी ब्लेड दोन बोटांनी दाबून ग्लासाच्या आतल्या बाजूला मागेपुढे घासायचं, की आणखी दोन-तीन दाढ्या निघतात. माझे अब्बा हे करत. विलायतेत याच कामासाठी खास काचेचे तुकडे विकले जात, लिलिक्रॅप नावाच्या माणसाचा तुकडा तर फार चालला. आपल्याकडे चहाचा ग्लास होताच.

ही यंत्रं का निघाली ते समजायला थोडं मागे जावं लागतं. सुरक्षित रेझर, म्हणजे धारेपुढे जाळी किंवा दांडी असलेला, जिलेटने शोधला असा समज आहे. तो बरोबर नाही. अमेरिकेतल्या काम्पफे बंधूंनी १८८० सालीच ‘स्टार’ नावाचा रेझर काढला होता. त्याचं पातं म्हणजे वस्तऱ्याचाच आखूड तुकडा. जाड, पोकळ घासलेला, आणि दर दाढीआधी चामोटीवर फिरवायचा. जखम टळली, पण धारेची कटकट तशीच राहिली. किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची बुचं विकणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता होता. त्या बुचाचा संशोधक विल्यम पेंटर याने त्याला सल्ला दिला होता, की लोक एकदा वापरून फेकून देतील आणि पुन्हा घ्यायला येतील असं काही शोध. जिलेटने फेकून द्यायची धार शोधली. इतक्या पातळ पोलादाला धार कशी द्यायची हे विल्यम निकरसन या इंजिनिअरने सोडवलं. १९०३ साली विक्री सुरू झाली तेव्हा वर्षभरात अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पुढच्या वर्षी ९० हजारांहून जास्त रेझर गेले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानेच सुमारे ३५ लाख घेतले.

म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन पंथ तयार झाले, फेकणाऱ्यांचा आणि पाजवणाऱ्यांचा. पाजवणाऱ्यांचा म्होरक्या हेन्री गाइसमन. याच्या व्हॅलेट ऑटोस्ट्रॉपमध्ये ब्लेड काढावंच लागत नाही. रेझरच्या डोक्यात एक फट असते, तीतून चामड्याची पट्टी आरपार घालायची, पट्टीचं एक टोक खुंटीला अडकवायचं आणि रेझर मागेपुढे ओढायचा. आतले छोटे रूळ आणि दाते प्रत्येक फेरीला ब्लेड उलटवतात, त्यामुळे दोन्ही अंगं सारखी घासली जातात. धार लावण्याची सारी अक्कल त्या चार दात्यांत बसवलेली आहे. पहिल्या दिवशी मी दाढी बाजूला ठेवून अर्धा तास नुसता ते ब्लेड उलटताना बघत बसलो होतो.

या गाइसमनची पुढची गोष्ट मजेची आहे. १९३० च्या सुमाराला पेटंटवरून त्याचा जिलेट कंपनीशी वाद झाला आणि तो विलीनीकरणावर मिटला. दोन्ही कंपन्यांचे हिशेब एकमेकांपुढे उघडले, तर जिलेटने पाच वर्षांत नफा सुमारे सव्वा कोट डॉलरनी फुगवून दाखवल्याचं निघालं. जुनी मंडळी गेली आणि पाजवणारा गाइसमन फेकणाऱ्यांच्या कंपनीचा अध्यक्ष बनून बसला. खुर्चीवर बसल्यावर त्यानेही फेकायची ब्लेडंच विकली. ब्लेड टिकलं तर दुकान कसं चालणार!

रोल्स हा इंग्रजांचा जबाब. रोल्स-रॉइस मोटारीशी त्याचा काही संबंध नाही. लंडनच्या क्रिकलवुड भागात तो बनायचा. डबीला दोन्ही बाजूंनी झाकणं. एका झाकणाच्या आत धारेचा दगड, दुसऱ्याच्या आत चामडं. मधल्या चौकटीत जाड पातं आणि त्याला जोडलेला दांडा. दगड हवा तर दगडाचं झाकण ठेवायचं आणि दुसरं काढायचं, चामडं हवं तर उलट. मग दांडा पुढेमागे सरकवायचा. प्रत्येक टोकाला पातं खट्ट करून कूस बदलतं. पुरेसं झालं की पातं काढून दांड्याला आडवं बसवायचं, पुढे संरक्षक दांडी लावायची, आणि दाढी. एक पातं वर्षानुवर्षं पुरावं असा कंपनीचा हिशेब होता. आवाज मात्र असा, की पहाटे फज्रनंतर मी डबी चालवली तेव्हा शेजारच्या काकूंनी शिलाई मशीन कधी घेतलं म्हणून विचारलं.

आता निकाल. रोल्सला दाढीआधी तीन-चार मिनिटं द्यावी लागतात, पण त्याच्या पात्याला वजन आहे. ते केस उपटत नाही, कापतं. अर्थात हे मी पात्याला मोमिनपुऱ्यात हाताने धार लावून आणल्यानंतरचं सांगतोय. पहिल्या आठवड्यात तो ओढत होता आणि हनुवटीखाली तीनदा रक्त काढलं. ऑटोस्ट्रॉपसाठी जपानी कंपनीची ब्लेडं अजून मिळतात, ती मागवली. पट्टी नसताना एक ब्लेड सहा दाढ्यांनंतर बोचायला लागलं. पट्टी मिळाल्यावर दुसरं चौदापर्यंत गेलं. आजच्या ब्लेडवर लेप असतो, तो घासून निघून जाईल अशी भीती होती. पंधराव्या दिवशी बहुधा तेच झालं. काचेच्या ग्लासाने मात्र निराश केलं. कबाड्याने जुन्या साध्या पोलादाच्या ब्लेडांचं एक पाकीट दिलं होतं. त्यावर ग्लास थोडा चालला. एका ब्लेडच्या चार दाढ्यांच्या सहा झाल्या. आजच्या स्टेनलेस ब्लेडवर ग्लास घासणं म्हणजे मनाचं समाधान. अब्बांना हे सांगायची सोय आता नाही.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस आला आणि पाकिटातली उरलेली साधी ब्लेडं दोन दिवसांत तांबडी झाली. गंज हा या सगळ्या यंत्रांचा खरा वैरी. १९६२ साली विल्किन्सन स्वोर्ड या तलवारी बनवणाऱ्या जुन्या इंग्रजी कंपनीने लेपाचं स्टेनलेस ब्लेड बाजारात आणलं. ते गंजत नव्हतं आणि कितीतरी जास्त टिकत होतं. मग धार लावायची गरजच उरली नाही. तोवर रोल्स रेझर कंपनीचा ताबा जॉन ब्लूम नावाच्या तरुणाकडे गेला होता, आणि तो त्या नावाखाली स्वस्तातली कपडे धुण्याची यंत्रं दारोदार विकत होता. १९६४ च्या जुलैमध्ये कंपनी बुडाली आणि लंडनच्या बाजारात मोठी बोंब झाली. माणसाला वस्तऱ्यातून मोकळं करायला निघालेली कंपनी शेवटी धोब्याच्या धंद्यात बुडाली, असं म्हणायचा मोह होतो.

इथवर विलायतेचा हिशेब झाला. त्यात प्रश्न पैशांचा आणि वेळेचा. आपल्याकडे दाढी स्वतः करावी की न्हाव्याकडून, हा प्रश्न कधीच एवढा सरळ नव्हता. गावगाड्यात न्हावी बलुतेदार. धोकटी घेऊन घरोघर जायचं, वर्षाकाठी धान्य घ्यायचं. वस्तरा, नराणी, चामोटी, वाटी आणि आरसा. त्या धोकटीतला वस्तरा कोणाच्या गालाला लागेल आणि कोणाच्या नाही, हे गावाने ठरवलेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींच्या टिपणात साताऱ्यातलं बालपण सांगितलं आहे. साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते आणि सुभेदारांच्या घरी पैशाचीही तशी अडचण नव्हती, तरी कोणी न्हावी अस्पृश्याच्या मुलाचे केस कापत नसे. भावंडांचे केस कापायचं काम मोठ्या बहिणीकडे होतं, आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली होती. पुढे ऑक्टोबर १९५६ मध्ये ज्या माणसाने याच नागपुरात लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, त्याचे लहानपणीचे केस बहिणीने कापलेले होते, हे मला रोल्सची डबी खटखटवताना रोज आठवायचं.

गांधीजींची गोष्ट याचीच दुसरी बाजू. प्रिटोरियात एका इंग्रज न्हाव्याने त्यांचे केस कापायला तुच्छतेने नकार दिला. त्यांनी कात्री घेऊन आरशासमोर स्वतःच केस कापले. पुढचे जमले, मागचे बिघडले आणि कोर्टात मित्र हसले. पण आत्मचरित्रात हे सांगताना त्यांनी न्हाव्याला दोष दिलेला नाही. आपणच आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देत नाही, मग हा माणूस गोऱ्या गिऱ्हाइकांना भ्याला यात नवल काय, असा त्यांचा सूर आहे.

आणि न्हाव्याने हात मागे घेण्याची एक वेगळी घटनाही महाराष्ट्रात झाली. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि ब्राह्मण विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. सत्यशोधक परंपरेतला हा प्रसंग शाळेच्या पुस्तकात जेवढ्यास तेवढा येतो. मला तो फार मोठा वाटतो. समाजाने ज्या हाताला हलकं मानलं, त्याच हाताने समाजाला नाही म्हटलं.

आता घरची गोष्ट. आम्ही मुसलमान या बाबतीत नेहमी हात झटकतो: इस्लाममध्ये जात नाही, एका सफमध्ये सगळे. नमाजापुरतं ते खरं आहे. ‘हजामत’ हा शब्द अरबी ‘हिजामा’वरून आला. हिजामा म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणं, आणि ते करणारा तो हज्जाम. पैगंबरांना तुंबडी लावणारा अबू तैबा हा गुलाम होता. त्याला त्यांनी धान्याचं वेतन दिलं आणि त्याच्यावरचा मालकाचा भार कमी करायला लावला, असं हदीसमध्ये येतं. शेवटच्या हजच्या वेळी पैगंबरांचं मुंडण करणारे मामर बिन अब्दुल्लाह तर कुरैशांपैकीच होते, असं परंपरा सांगते. कारागिरांच्या परंपरेत सलमान फारसी हे हज्जामांचे पीर. उत्तरेत आजही या बिरादरीचे लोक स्वतःला सलमानी म्हणवतात.

पण निकाहची गोष्ट निघाली, की हनफी फिकहचे ग्रंथ ‘कफाअत’ म्हणजे बरोबरी मोजतात, आणि त्यात धंदाही मोजला जातो. हज्जाम, विणकर, चामडं कमावणारा, झाडूवाला यांची बरोबरी अत्तरवाल्याशी किंवा कापडवाल्याशी होत नाही, असं तिथे लिहिलेलं आहे. गंमत अशी, की आमचं नागपूर-कामठी वसलं ते बरंचसं उत्तरेकडून आलेल्या मोमिन विणकरांनी. म्हणजे ज्या यादीत आपण स्वतः आहोत, त्याच यादीतल्या शेजाऱ्याला पोरगी द्यायला आपण कचरतो. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर १९१६ साली चार खंड काढले, तेव्हा या प्रांताची राजधानी नागपूरच होती. त्यात न्हाव्यांवरच्या प्रकरणाच्या मथळ्यातच नाई, म्हाली आणि हज्जाम ही नावं एका ओळीत येतात. म्हाली आमच्या वऱ्हाड-नागपुरातला, हज्जाम मुसलमान. सरकारी लेखकाला जे एका ओळीत दिसलं, ते आम्हाला शंभर वर्षांनी दिसत नाही.

धार लावणाऱ्यांचंही तेच. तलवारी-वस्तऱ्यांना पाणी देणारा तो शिकलगार. अरबी ‘सैकल’, म्हणजे चकाकी, त्याचं मराठीत ‘शिकल’ झालं. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे या आडनावाची मुसलमान घराणी आहेत. तलवारी गेल्या, मग वस्तरे आणि कात्र्या राहिल्या, मग सायकलवर बसवलेलं सहाणेचं चाक. रोल्स आणि ऑटोस्ट्रॉपसारखी यंत्रं निघाली ती न्हावी आणि शिकलगार या दोघांनाही दारात येऊ न देण्यासाठी. त्यांचा विलायती खप वाढत होता, तेव्हा हा हिशेब त्या जाहिरातदारांच्या स्वप्नातही नसेल.

वर लिहिलं तसं, रोल्सने पहिल्या आठवड्यात मला कापून काढलं. कंपनीच्या पद्धतीने मी पातं दगडावर चालवत होतो, तरी धार येईना. भिंग घेऊन बसलो. पातं बरंच झिजलेलं. मूळ रुंदीच्या तीन हिस्से तरी उरलं असेल नसेल. आणि झाकणातला दगड कोरा करकरीत. जो काही काळा माग होता तो माझ्याच सात दिवसांचा. चामड्यालाही घासल्याची चमक नव्हती. पातं एवढं झिजलं, आणि दगड एवढा कोरा?

मोमिनपुऱ्यात एक वयस्कर कारागीर अजून वस्तऱ्याला हाताने धार लावून देतात. सगळे त्यांना खलीफा म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांनी पातं उजेडात धरलं, अंगठ्याच्या नखावरून अलगद ओढलं आणि विचारलं, “ये किसका है?” मी सांगितलं. ते म्हणाले, हे यंत्रावर कधी चाललेलंच नाही. यंत्राची धार एका ठरलेल्या तिरपेपणाची असते, ही पातं झिजेल तशी हाताने सांभाळत आणलेली आहे, आणि सांभाळणारा लहानपणापासून शिकलेला होता. मग मी खिशातून तो सागाचा तुकडा काढला. त्यांनी काही न बोलता पात्याचं टोक खाचेत बसवलं. बरोबर बसलं. ती मूठ होती. एवढंसं पातं निसण्यावर आणि चामोटीवर धरता यावं म्हणून दादाजींनी केलेली मूठ.

त्याच आठवड्यात ऑटोस्ट्रॉपसाठी चामड्याची पट्टी शोधत होतो. फुप्पीच्या नव्या घरी न्हाणीच्या दारामागे एक रुंद जुना पट्टा टांगलेला आहे. तो मोमिनपुऱ्यातल्या घरीही तसाच दारामागे असायचा. आम्हा पोरांना सांगितलेलं, की तो दादाजींचा रेल्वेचा पट्टा, खोड्या केल्या तर पाठीत बसेल. मी म्हटलं, यातली एक पट्टी कापून घेऊ का? फुप्पी एवढ्या जोरात ‘नाही’ म्हणाली, की आतून तिची सून धावत आली. तो पट्टा व्हॅलेटच्या फटीत तसाही गेला नसता. मी चपला शिवणाऱ्याकडून पातळ पट्टी करून घेतली. पण खलीफांकडून आल्यावर पुन्हा जाफर नगरला गेलो आणि पट्टा हातात घेतला. रेल्वेच्या पट्ट्याला भोकं असतात, बक्कल असतं. याला एका टोकाला लोखंडी कडी होती आणि मधला भाग आरशासारखा.

मी फक्त एवढंच विचारलं, “फुप्पी, ही चामोटी आहे ना?”

ती बराच वेळ पानदानाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “तेरे को अब मालूम हुआ?”

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. दादाजींचे वडील कामठीच्या छावणीत हज्जाम होते. इंग्रजांनी ती छावणी १८२१ साली वसवली. तिथे गोऱ्या पलटणींची दाढी-हजामत करायला दोन्ही धर्मांचे न्हावी होते. दादाजी बारा-तेरा वर्षांचे होईपर्यंत वडिलांसोबत बसायचे. मग रेल्वेत लागले, नागपूरला आले, नावापुढे शेख लावलं, आणि कामठीचं नाव घरात काढायचं नाही असा दंडक घातला. दादीचं माहेर विणकरांचं. लग्नाच्या वेळी त्यांना खरं सांगितलं होतं की नव्हतं, ते फुप्पीलाही माहीत नाही. गोऱ्या फोरमनने दिलेला रोल्स मात्र खरा. तो आला आणि दादाजींची सोय झाली. घरात निसणा आणि वस्तरा दिसला असता तर कोणीतरी ओळखलं असतं. विलायती डबी उघडी ठेवायला हरकत नव्हती. साहेबाचं यंत्र आहे, आपोआप धार लावतं, असं ते आल्यागेल्याला दाखवत. दाराला कडी घालून धार हाताने लावत.

मी विचारलं, यंत्र का नाही वापरलं? फुप्पीने माझ्याकडे असं बघितलं की मी अजून लहानच आहे. म्हणाली, “हात में था ना उनके. मशीन से चिढ़ते थे.”

जगातल्या कोणत्या घरात रोल्स रेझर लपवाछपवीसाठी वापरला गेला असेल, मला माहीत नाही. आमच्या घरात गेला.

हा लेख मी जून संपता संपता लिहून ठेवला होता. फुप्पीच्या नातीचं स्थळ तेव्हा ठरत होतं. मुलाकडचे शेख, चांगले शिकलेले, कॉलेजात माझे लेख वाचणारे. फुप्पी म्हणाली, निकाह होऊ दे, मग लिही. मी तिच्याशी वाद घातला. कफाअतचं सांगितलं, अबू तैबाचं सांगितलं, लोखंड्यांचं सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, हे सगळं तू मुलाच्या आईला जाऊन सांगशील का? मी गेलो नाही. लेख थांबवला. समतेवर लिहिणाऱ्या माणसाने दोन महिने एका वस्तऱ्याची गोष्ट दडवून ठेवली, हे वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. दादाजींनी आयुष्यभर केलं ते मी दोन महिने केलं.

निकाह मागच्या जुम्म्याला झाला. परवा फुप्पीने तो पट्टा माझ्याकडे पाठवला, वर्तमानपत्रात गुंडाळून. कोरडा पडला होता; एरंडेल चोळून दोन दिवस सावलीत टांगला. काल सकाळी पातं सागाच्या मुठीत बसवून त्यावर वीस वेळा ओढलं, पाठ पुढे, धार मागे, खलीफांनी दाखवलं तसं. अठराव्या फेरीला मनगट चुकलं आणि चामड्याला अर्धा इंच काप गेला. दाढी मात्र चाळीस दिवसांतल्या कुठल्याही दाढीपेक्षा चांगली झाली.